झुंबरबाईचा उजवा गाल

झुंबरबाई लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून आपल्या जेठाशी तोंडाने एक शब्द बोलली नव्हती. भांडण काही नव्हतं. पारोळ्याच्या अलीकडच्या त्या गावात धाकट्या भावाच्या बायकोने जेठाशी बोलायचं नाही, ते समोर आले की पदर हनुवटीपर्यंत ओढायचा, आणि सांगायचंच झालं तर भिंतीला सांगायचं, अशी रीत होती. "भिंती, आबांले सांग, चहा व्हयना." चहा झाला, हे ऐकून भिंत बिचारी काय बोलणार? पण आबा ऐकायचे आणि चहा प्यायचे. सगळ्या घराचा कारभार असा एका भिंतीवर चालला होता, आणि कुणाला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं.

आबा म्हणजे मोतीलाल आबा, झुंबरबाईच्या नवऱ्याचे, हिलालचे थोरले भाऊ. माणूस दुष्ट नव्हता. फक्त आपल्याला कळत नाही असं जगात काही असेल, हे त्यांच्या मनाला कधी शिवलं नव्हतं.

झुंबरबाईची पंचक्रोशीत ओळख होती ती मांड्यांची. मांडा म्हणजे पोळपाटावर लाटायची पोळी नव्हे. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत, फिरवत, कोपरापर्यंत नेत पसरवायचा, चांगला पंचाएवढा झाला की चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद सोडायचा. एक सुरकुती पडली तर बायका आठ दिवस बोलतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि लगीनसराईत झुंबरबाईला बोलावणी यायची, ती पार जळगावच्या डाळमिलवाल्यांकडूनसुद्धा. दोन्ही हातांत मांडा खेळवत ती उभी राहिली की पोरंबाळं तोंड उघडं टाकून बघत बसायची. स्वभावही खापरासारखाच होता. तापायला वेळ लागायचा, पण एकदा तापली की हात लावायची सोय नव्हती.

तिची मुलगी कुंदा शाळेत जायला लागली त्या सुमाराला झुंबरबाईचा उजवा डोळा लवायला लागला. बाईमाणसाचा डावा डोळा लवला तर लाभ आणि उजवा लवला तर घात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिनेही मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. पण डोळा काही थांबेना. पापणीचं लवणं हळूहळू गालावर उतरलं, गालावरून ओठाच्या कोपऱ्यावर. मग एकदम डोळा गच्च मिटायचा, गाल वर ओढला जायचा आणि ओठाचा कोपरा असा वळायचा की बघणाऱ्याला वाटावं, बाईने डोळा मारला आणि वर गालात हसली.

उपाय काय थोडे केले? कुणी कानशिलावर बिब्ब्याची फुली उठवली, तिचा डाग अजून होता. कुणी दंडात काळा दोरा बांधला. तालुक्याच्या गावी एक दात काढणारा बसायचा. त्याने ठामपणे सांगितलं की दाढेचं मूळ डोळ्यापर्यंत गेलंय. त्याने उजवीकडच्या तीन दाढा उपटल्या. डोळा तसाच राहिला आणि बाईचं भाकरी चावणं एका बाजूला आलं.

बायकांनी चेष्टा केली, ती तिने दुप्पट चेष्टेने परतवली. बाजारात एखादा पुरुष उगाच रेंगाळायला लागला तर ती त्याला सगळ्यांदेखत विचारायची, "काय भो, डोया दुखस मना, औषध शे का तुनाजोडे?" तो पाय लावून पळायचा. हे सगळं तिने पचवलं. एकच गोष्ट पचली नाही.

तिची आई वारली तेव्हा ती माहेरी गेली. बायका दारात बसल्या होत्या, एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. झुंबरबाईने आईच्या तोंडावरून हात फिरवला, आणि रडताना तिचा गाल नेहमीपेक्षा जोरात ओढला गेला, कारण दुःख झालं की तो जास्तच चेकाळायचा. भावजयीने भर बायकांत म्हटलं, "माय मरी गयी आनि तू हासस?" झुंबरबाईला कुणीतरी उठवून आतल्या खोलीत नेऊन बसवलं. आईला उचलून नेलं तेव्हा ती आत धान्याच्या कोठीशेजारी बसून होती. त्यानंतर ती मयताला कुणाच्याही दारावर बसायला गेली नाही. गाव म्हणालं, बाई माणुसघाणी झाली.

एकदा जळगावला एका लग्नाचे मांडे करायला गेलेली असताना तिची उजवीकडची उरलेली दाढ ठणकायला लागली. लग्नघराच्या समोरच डॉक्टर आबेदाचा दातांचा दवाखाना होता. आबेदा तरुण होती, लाकडाच्या वखारवाल्याची मुलगी. तिने दाढ बघितलीच, पण त्याहून जास्त वेळ गालाकडे बघत राहिली.

"मावशी, हे दातामुळे नाही," ती म्हणाली. "त्या तीन दाढा उगाच गेल्या. डोक्यात चेहऱ्याची नस असते, तिला जवळची रक्तवाहिनी घासते, म्हणून हे होतं. यावर आता एक इंजेक्शन निघालंय. मुंबईचे मेंदूचे डॉक्टर महिन्यातून एका रविवारी इथे येतात, ते देतात. तीन-चार महिने डोळा शांत राहतो. मग पुन्हा घ्यावं लागतं."

"आनि काय शे त्यामा?"

आबेदा खोटं बोलली नाही. "विष आहे, मावशी. नासलेल्या अन्नात तयार होतं ते. पण इतकं थोडं देतात की जिथे टोचलं तेवढाच स्नायू ढिला पडतो."

झुंबरबाई खो खो हसली. बिब्ब्याने कातडी जाळणारे चालतात, दाढा उपटणारे चालतात, मग विषाने काय घोडं मारलं होतं? वर्षानुवर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्या तोंडाकडे तोंड म्हणून बघितलं होतं. शकुन म्हणून नाही, चावटपणा म्हणून नाही. त्या आनंदात ती ठणकती दाढ विसरूनच घरी आली.

हिलालला सांगितलं. हिलाल भला माणूस, पण थोरल्या भावाला विचारल्याशिवाय तो पायातली चप्पलही बदलायचा नाही. त्याने ओसरीवर जाऊन विचारलं. झुंबरबाई दाराआड उभी होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

आबा म्हणाले, "तिनं तोंड ते पदरमा ऱ्हास. कोनले दखास?"

बस, एवढंच. विषय संपला. आबांचंही एका परीने खरं होतं, त्यांना ते तोंड कधी दिसलंच नव्हतं. घरात एवढ्या वर्षांचा झगडा चालू होता आणि कर्त्या पुरुषाला त्याचा पत्ता नव्हता, कारण रीत कडक पाळली जात होती. त्यानंतरच्या आखाजीला खापरावर वाकलेली असताना तिचा उजवा डोळा गच्च मिटला, डाव्यात वाफ गेली, आणि हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. तोही पदराखालीच राहिला.

मग कुंदाची सोयरीक जुळली. मुलगा धुळ्याचा, बाप कौतिक नाना मार्केट यार्डात अडतीच्या धंद्यात, आई यशोदाबाई. माणसं वजनदार होती. सुपारी फोडायला पाहुणे आले, पंगत बसली. झुंबरबाई मांड्यांची परात दोन्ही हातांनी धरून बाहेर आली. नेमका आबांनी पाहुण्यांसाठी नवीन आणलेला टेबलफॅन तिच्याकडे वळला आणि डोक्यावरचा पदर मागे गेला. हात अडकलेले, पदर सावरणार कशाने? समोर कौतिक नाना वरातीला किती माणसं येतील ते सांगत होते. झुंबरबाईचा डोळा गच्च मिटला, ओठाचा कोपरा वर गेला. नाना बोलता बोलता थांबले. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि पुन्हा वर बघितलं, तर बाईने पुन्हा डोळा मारला!

आता या सगळ्यात झुंबरबाईचा काय गुन्हा? पण चार दिवसांत मध्यस्थाकरवी धुळ्याहून निरोप आला. मुलगी पसंत आहे, पण नवरीच्या आईचं वागणं बरं नाही. नानांसारख्या माणसाला तिने डोळा मारला, वर हसली. एक तर तिला सुधारा, नाही तर लग्नात विहीण म्हणून पुढे येऊ देऊ नका. विहीणभेटीला नवरीची मोठी आई, म्हणजे आबांची बायको भागाबाई, उभी राहिली तरी चालेल.

आबांच्या पायाखालची जमीन सरकली. सुपारी फुटल्यावर मोडलेली सोयरीक म्हणजे मुलीच्या जन्माला डाग. ते तडक हिलालकडे गेले आणि विचारते झाले, "ती सुईवाली डाक्टरीन कोठे बठस?" ज्या सुईसाठी झुंबरबाईने विचारलं तेव्हा तिचं तोंड कुणाला दिसत नव्हतं, त्या सुईसाठी आता पैसा, वेळ, जीप सगळं तयार झालं.

झुंबरबाईने हे ऐकलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं डोळा मिटायचा तो आपला. हात भाजला तो आपला. आई गेली ती आपली. तेव्हा कुणाच्या बापाचं काही जात नव्हतं. आता परक्या माणसाच्या पंगतीत तो मिटला म्हणून औषधाची गरज पडली! जाऊच नये, असं तिला क्षणभर वाटलं. पण डोळा तिचा होता, आणि रागापायी स्वतःचा डोळा गहाण टाकायला ती खुळी नव्हती. ती जीपमध्ये बसली. गावात आबांनी सांगितलं, जळगावला सोनं घ्यायला चाललोय.

मुंबईचे डॉक्टर एका छोट्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसले होते. टेबलावर बर्फाचा थर्मास होता, औषध त्यात ठेवलेलं. आबेदा मुद्दाम आली होती. आबा खुर्चीवर बसले, हिलाल भिंतीला टेकून उभा राहिला, झुंबरबाई तपासणीच्या पलंगावर. जेठ खोलीत म्हणून तिने पदर ओढलेला. डॉक्टरांनी तो हळूच बाजूला करायला सांगितला आणि आबांनी तोंड फिरवलं. आपल्या भावजयीच्या तोंडाचा सौदा करायला ते आले होते आणि ते तोंड बघायला मात्र लाजत होते.

डॉक्टरांनी नीट समजावलं. डोळ्याभोवती चार ठिकाणी बारीक सुया टोचतो, चार-पाच दिवसांत डोळा मिटायचा थांबेल. ओठाचा कोपरा ओढतो तोही बंद करायचा असेल तर गालातही टोचावं लागेल. पण गालाचं औषध जरा जास्त उतरलं तर ती बाजू काही आठवडे लुळी राहते. पाणी पिताना ओघळतं. हसू एकाच बाजूने येतं, कधी येतच नाही.

"घरात काही कार्य आहे का इतक्यात?" त्यांनी विचारलं.

"पंधरवड्याने मुलीचं लग्न आहे," आबा म्हणाले. "दोन्हीकडे टोचा, डॉक्टरसाहेब. तोंड कसं एकदम थंड पाहिजे. आणि हसण्याचं काय घेऊन बसलात? लग्नात मुलीच्या आईला हसायचं काय काम? आई रडते."

डॉक्टरांनी सुई भरायला घेतली, मग थांबून झुंबरबाईकडे बघितलं. "मावशी, तुम्ही सांगा."

झुंबरबाईने सवयीने भिंतीकडे तोंड केलं. "भिंती, आबांले सांग..." आणि ती मध्येच थांबली. समोर हिरवट रंगाची परकी भिंत होती, तिच्यावर एका औषध कंपनीचं कॅलेंडर. या भिंतीने आपलं कधी काय ऐकलंय? आणि त्या घरातल्या भिंतीने तरी? झुंबरबाईने मान वळवली, पदर खांद्यावर टाकला आणि आबांच्या डोळ्यांत डोळा घालून बोलली.

"आबा, आंडेरना लगीनमा मी हाससू. रडाले बठ्ठी उमर पडेल शे. डोया मना शे, त्याले सुई टोचू द्या. गालले कोनी हात लावाना नही."

लेकीच्या लग्नात मी हसणार, रडायला सगळी उमर पडलीय, म्हणाली. आबांचा चेहरा उतरला. ती काय बोलली यापेक्षा ती बोलली, याचाच त्यांना जास्त धक्का बसला होता. त्यांनी हिलालकडे बघितलं. हिलाल नेहमी जमिनीकडे बघायचा, आजही जमिनीकडेच बघत होता, पण तिथूनच म्हणाला, "टोचा डॉक्टर. ती म्हणते तसं."

डॉक्टरांनी डोळ्याभोवती सुया टोचल्या. मुंगी चावल्यागत झालं. आबेदाने कापूस दाबून धरला आणि झुंबरबाईच्या कानात म्हणाली, "मावशी, पुढच्या वेळी एकट्याच या." झुंबरबाई म्हणाली, येईन, माझे मांड्यांचे पैसे माझ्या कनवटीला असतात.

घरी पोचल्यावर आबा ओसरीवरूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गाल उडतोच आहे ना? मग हिने मांडवात यायचं नाही. खापर सांभाळायचं. विहीणभेटीला भागा उभी राहील."

डॉक्टर म्हणाले तसंच झालं. आठवडा संपायच्या आत एके सकाळी झुंबरबाई सुईत दोरा ओवायला बसली आणि तो पहिल्याच खेपेला गेला. तिने दोरा काढला, पुन्हा ओवला, पुन्हा काढला, पुन्हा ओवला. अंगणात येऊन लिंबाकडे दोन्ही डोळ्यांनी बघत राहिली. डोळा उघडा राहतो ही केवढी चैन आहे, हे ज्याचा मिटत नाही त्याला काय कळणार! तिला इतका आनंद झाला की ती रडली, आणि रडतानाही डोळा उघडा राहिला. ओठाचा कोपरा मात्र अधूनमधून ओढला जात होता. ओढ बाबा, म्हणाली ती त्याला.

हळदीच्या दिवशी कुंदा तिच्याजवळ आली. पिवळ्या हातांनी तिने आईचा हात धरला. "आई, राहू दे ना. आतच थांब. नाना काही बोलले आणि मोडलं तर?"

हे मात्र झुंबरबाईच्या काळजाला लागलं. आबांचं बोलणं तिने फुंकरीसरशी उडवलं होतं, लेकीचं उडवता येईना. मग कुंदाच्या कपाळावरचे केस मागे सारत ती म्हणाली, "पोरी, आज मी आठे घरमा बठसू, ते तठे तू जनमभर बठशी." आज इथे आई आत बसली तर उद्या सासरी लेक बसेल, असा तिचा हिशोब होता. कुंदा रडायला लागली.

लग्नाच्या दिवशी दुपारी वाजंत्री मांडवाच्या तोंडाशी आली. मांडवात एवढी गर्दी की पाय ठेवायला जागा नाही. झुंबरबाई मागच्या अंगणात खापरापाशी होती, तिच्या हातांवर मांडा फिरत होता. विहीणभेटीचा पुकारा झाला तसा तिने तो मांडा खापरावर सोडला, भाजेपर्यंत थांबली, घडी घालून टोपलीत ठेवला. मग हात धुतले, पुसले, आणि घरातून सरळ पुढच्या दारी निघाली. वाटेत आबा दारात उभे होते. जागा एका माणसापुरतीच होती.

"सरका, आबा," ती म्हणाली.

आणि आबा सरकले. का सरकले, ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. एवढ्या वर्षांत त्यांना त्या तोंडून हुकूम ऐकायची सवय नव्हती, म्हणून असेल.

मांडवाच्या तोंडाशी भागाबाई जरीचं लुगडं नेसून हातात कुंकवाचा करंडा घेऊन उभी होती आणि घामाने थबथबली होती. समोर यशोदाबाई, तिच्यामागे कौतिक नाना, पाहुणेमंडळी. झुंबरबाई येऊन भागाबाईच्या शेजारी उभी राहिली. यशोदाबाई एकीकडून दुसरीकडे बघायला लागली.

"नवरीनी माय कोन?"

भागाबाईने करंडा झुंबरबाईच्या हातात दिला आणि मोठा श्वास सोडून मागे झाली. मनातून तिला हे सोंग पहिल्यापासून नकोच होतं.

"मी," झुंबरबाई म्हणाली. डोक्यावरचा पदर तिने डोक्यावरच ठेवला, तोंडावर घेतला नाही. सगळ्या वऱ्हाडाला तिचं तोंड दिसत होतं. डोळे दोन्ही उघडे होते, आणि त्याच घटकेला गालाने आपला वसा पाळला. ओठाचा कोपरा ओढला गेला. कौतिक नाना पुढे सरसावले. यशोदाबाईच्या कपाळाला आठी पडली.

"इहीनबाई, तुम्ही हासतस का?"

आबांनी डोळे मिटून घेतले. आतल्या खोलीच्या खिडकीत मुंडावळ्या बांधलेली कुंदा गज धरून उभी होती. झुंबरबाईने करंड्यातलं कुंकू चिमटीत घेतलं.

"गाल ते रोजच हासस," ती म्हणाली, "त्याले मी इचारस नही. पन आज मी बी हासी ऱ्हायनी. मनी आंडेरनं लगीन शे." आणि यशोदाबाईच्या आठीवरच तिने कुंकू लावलं आणि तिला मिठी मारली. भाजलेल्या हाताचा तो डाग यशोदाबाईच्या मानेवर टेकला. यशोदाबाई क्षणभर लाकडासारखी ताठ राहिली. मग तिचेही हात वर आले, कारण मिठी मारणाऱ्या विहिणीला मांडवात ढकलून देईल इतकी वाईट बाई ती नव्हती. तिने करंड्यातलं कुंकू घेऊन झुंबरबाईला लावलं. नाना काही बोलणार होते, त्यांना बायकोनेच हाताने थांबवलं.

त्या वर्षी गावात पहिल्यांदाच लग्नाला व्हिडिओवाला आणला होता, पारोळ्याहून. तो मोठा दिवा घेऊन पुढे आला. त्याने दोघी विहिणींना शेजारी उभं केलं, भिंगाला डोळा लावला, मग डोळा काढून वैतागून म्हणाला, "मावशी, तोंड जरा सरळ ठेवा ना. कॅसेट कायमची राहते."

झुंबरबाई दिव्याच्या उजेडात दोन्ही डोळे उघडे ठेवून उभी राहिली आणि पोटभर हसली, दोन्ही गालांनी.

"भो, मनं तोंड आसंच शे. काढ."